स्वस्तातले रिफ्राइड बीन्स घरच्या घरी: चित्रा राजमा, कडक भाकरी आणि थोडा धीर

गड्ड्याच्या यात्रेला माझी भाची पुण्याहून सोलापूरला आली, तेव्हा पिशवीत एक डबा घेऊन आली. रिफ्राइड बीन्सचा. ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर बाहेर कुठंतरी खाल्ले होते, आवडले होते, म्हणून मावशीला दाखवायला आणले. आम्ही तो डबा फोडून कढईत गरम केला. घरात ज्वारीची कडक भाकरी होती, तिच्याच तुकड्यांवर लावून खाल्ला. दोन घास झाल्यावर ती म्हणाली, "मावशी, हा तर घोटलेला राजमाच आहे की गं!"

बरोबर होतं तिचं. मी डब्यावरची किंमत बघितली, तर तीनशे रुपयांच्या जवळपास. आत माल साडेचारशे ग्रॅम. तेवढ्या पैशांत आमच्या किराणा दुकानात दोन किलो राजमा येतो.

तेव्हापासून मी हा पदार्थ घरीच करते, आणि महिन्यातून दोनदा तरी करते. ज्यांनी आजवर कधी कडधान्य कुकरला लावलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. कॉलेजसाठी खोली करून राहणारी मुलं-मुली, नवा संसार थाटलेले, किंवा ज्यांना रोज तीच आमटी-भाजी करून कंटाळा आलाय असे कुणीही. राजमा पूर्ण मऊ शिजवायचा आणि शिजवलेलं पाणी टाकायचं नाही, एवढं जमलं की बाकीचं सोपं आहे. बहुतेकांचं बिघडतं ते शिजवण्यात. म्हणून मी शिजवण्यावर जास्त लिहिणार आहे.

हा पदार्थ मुळात काय आहे

हा मेक्सिकोचा. तिकडे याला स्पॅनिशमध्ये फ्रिहोलेस रेफ्रितोस म्हणतात. इंग्रजी नावामुळे वाटतं की बीन्स दोनदा तळायचे असतात. तसं नाही. मेक्सिकोतल्या बोलण्यात 'रे' हा शब्दाला जोर द्यायला लावतात, त्यामुळे रेफ्रितो म्हणजे 'चांगलं परतलेलं'. बीन्स आधी पाण्यात शिजवायचे आणि मग तेला-तुपात घोटत एकदाच नीट परतायचे. पारंपरिक पद्धतीत डुकराची चरबी वापरतात. आपण शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल घ्यायचं. घट्ट वरण आपण घोटून वर फोडणी देतो, पिठलं कढईत आटवतो, त्यामुळे आपल्या हाताला यातलं काहीच नवं नाही.

कुठला दाणा घ्यायचा

उत्तर मेक्सिकोत आणि सरहद्दीपलीकडे टेक्ससमध्ये पिंटो नावाचा ठिपक्यांचा दाणा वापरतात. मेक्सिकोच्या दक्षिणेकडे काळा दाणा चालतो. स्पॅनिशमध्ये पिंटो म्हणजे रंगवलेला, चित्रविचित्र. आणि आपल्या दुकानात जो फिकट, तपकिरी ठिपक्यांचा राजमा मिळतो, त्याला आपण म्हणतो चित्रा! दोन्हीकडच्या लोकांना दाणा बघून एकच गोष्ट सुचली, याचं मला फार कौतुक वाटतं. तर चित्रा राजमाच घ्या. त्याची साल पातळ असते, लाल राजम्यापेक्षा तो लवकर घोटला जातो आणि चवीला मऊ लागतो.

चित्रा मिळाला नाही तर लाल राजमा चालेल, कुकरमध्ये थोडा जास्त वेळ ठेवावा लागेल. साताऱ्याकडचं कुणी ओळखीचं असेल तर कोरेगावचा वाघ्या घेवडा मागवा. त्याच्या फिकट अंगावर लालसर पट्टे असतात आणि त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पिंटो, राजमा, वाघ्या घेवडा ही सगळी एकाच जातीच्या वेलाची भावंडं. मूळ सगळ्यांचं अमेरिका खंडातलं. कोलंबसनंतरच्या काळात जहाजांतून हा दाणा जगभर गेला. मिरची आणि भुईमूगही तिकडूनच आले. म्हणजे आपली शेंगाचटणी आणि हे बीन्स मुळात एकाच मुलखातले.

अगदीच कमी पैशांत करायचं असेल तर चवळी घ्या. चव वेगळी येते, पण ती तीन-चार तासांत भिजते आणि निम्म्या गॅसवर शिजते. हुलगे घेऊ नका. हुलग्याचं माडगं मला जीव की प्राण आहे, पण घोटून परतल्यावर हुलगे भरभरीत लागतात.

दाणा घेताना हातात घेऊन बघा. तुकतुकीत, भरलेला दिसला पाहिजे. साल सुरकुतलेली, रंग काळपट पडलेला, मधेच सोंडकिड्याची बारीक भोकं, असा माल एखाद-दोन वर्षांपूर्वीचा असतो. जुना दाणा किती शिट्ट्या केल्या तरी आत कडक राहतो आणि त्यावर गॅस जातो तो वेगळाच. ज्या दुकानात रोज गर्दी असते तिथून सुटा घ्या, कारण तिथं पोत्यातला माल पडून राहत नाही. पहिल्यांदा पाव किलोच आणा.

एवढं सामान काढून ठेवा

पाव किलो चित्रा राजमा. दोन मध्यम कांदे, एक कुकरसाठी आणि एक परतायला. लसणाच्या सहा-सात पाकळ्या. परतायला तीन मोठे चमचे तेल, शिवाय कुकरसाठी चमचाभर. एक चहाचा चमचा जिरं. अर्धा ते एक चहाचा चमचा लाल तिखट. हिंग, मीठ, एक तमालपत्र, अर्धं लिंबू. कोथिंबीर असली तर बरी, नसली तरी अडत नाही.

भांड्यांमध्ये तीन ते पाच लिटरचा कुकर, जाड बुडाची किंवा लोखंडी कढई, आणि घोटायला पावभाजीचा मॅशर. मॅशर नसेल तर जाड पळी किंवा स्टीलच्या वाटीचं बूड. मिक्सर मात्र वापरू नका. मिक्सरमध्ये साल आणि गर एकजीव होऊन चिकट खळीसारखं होतं, आणि खाताना दाण्याचा जो बारीकसा अडसर लागायला हवा तो लागत नाही.

पहिली पायरी: निवडणं आणि भिजवणं

राजमा ताटात पसरून खडे काढा. दोन पाण्यांनी धुवा. मग मोठ्या पातेल्यात एक लिटर पाणी आणि एक चहाचा चमचा मीठ घालून त्यात रात्रभर, म्हणजे आठ तास भिजवा. भिजून दाणे दुपटीच्या पुढे फुगतात, म्हणून भांडं मोठंच हवं.

भिजवताना मीठ घातलं की दाणे कडक होतात असं माझी आई सांगायची, आणि कित्येक वर्षं मी घालत नव्हते. खरं तर उलट आहे. दाण्याच्या सालीला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घट्ट धरून ठेवतात. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं आणि साल सैल पडते. मीठ घालून भिजवलेल्या राजम्याची साल कमी फाटते आणि घोटताना लवकर विरघळते. एकदा अर्धा राजमा मिठात आणि अर्धा साध्या पाण्यात भिजवून बघा, फरक बोटांनाच कळतो.

आता सोलापूरच्या उन्हाळ्याबद्दल. एप्रिल-मेमध्ये इथं पारा चाळिशीच्या वर असतो आणि रात्रीही ओटा गारठत नाही. एका मे महिन्यात मी संध्याकाळी पाच वाजता राजमा भिजत घातला आणि सकाळी सात वाजता झाकण काढलं. वर पांढरा फेस, बुडबुडे, आणि ताकासारखा आंबूस वास. दाणा चोळला तर बुळबुळीत. सगळा टाकून द्यावा लागला. तेव्हापासून उन्हाळ्यात रात्री दहाला भिजवते आणि सकाळी सहाला कुकर लावते. फ्रीज असेल तर पातेलं सरळ फ्रीजमध्ये ठेवा, दहा-बारा तास राहिलं तरी काही होत नाही. डिसेंबर-जानेवारीत ही काळजी नको.

रात्री भिजवायला विसरलात? राजमा भरपूर पाण्यात घालून दोन-तीन मिनिटं खळखळ उकळा, गॅस बंद करून झाकून तासभर ठेवा, मग ते पाणी फेकून पुढं चला. दाणा रात्रभर भिजवल्याइतका एकसारखा होत नाही, पण काम होतं.

भिजवलेलं पाणी दोन्ही वेळा ओतूनच द्यायचं. पोटात गॅस धरायला लावणारी जी साखर दाण्यात असते, तिचा काही भाग त्या पाण्याबरोबर जातो.

दुसरी पायरी: शिजवणं, आणि इथं घाई नको

आधी एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण ती तब्येतीची आहे. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, लेक्टिन प्रकारातलं. लाल राजम्यात ते सगळ्यात जास्त. चार-पाच दाणे जरी अर्धे कच्चे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या, जुलाब सुरू होऊ शकतात. १०० अंशाला खळखळ उकळलं की ते नष्ट होतं. त्याला किमान दहा मिनिटं लागतात, आणि अर्धा तास उकळलं तर पूर्ण निर्धोक. नुसत्या गरम पाण्यात, थर्मासच्या डब्यात किंवा मंद आचेच्या विजेच्या भांड्यात राजमा शिजवायला जाऊ नका. तिथं पाणी उकळीला पोचत नाही, आणि कमी तापमानात ते विष उलट वाढल्यासारखं होतं. आपल्या कुकरमध्ये तापमान साधारण १२० अंशांपर्यंत जातं, त्यामुळे कुकरवाल्यांना चिंता नाही. खोलीवर कुकर नसेल आणि पातेल्यात करायचं असेल, तर पहिला अर्धा तास मोठ्या आचेवर खळखळ उकळू द्या, मग झाकण ठेवून मंद आचेवर तास-दीड तास.

कुकरमध्ये भिजलेला राजमा घाला. त्यावर एक पेर, म्हणजे बोटाचं एक कांडं, वर येईल एवढं ताजं पाणी घाला. पाव किलोला साधारण तीन ते साडेतीन कप लागतं. कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही, कारण कडधान्याला फेस येतो आणि तो शिट्टीत अडकतो. एक कांदा चार फोडी करून, लसणाच्या दोन पाकळ्या, तमालपत्र, अर्धा चहाचा चमचा मीठ आणि चमचाभर तेल घाला. तेलानं फेस बसतो. मेक्सिकोत या वेळी एपाझोटे नावाचा उग्र वासाचा पाला घालतात, पोटाला बाधू नये म्हणून. आपल्याकडे त्या कामाला हिंग आहे. अंगणात ओव्याचं झाड असेल तर दोन पानं घाला, छान लागतात.

टोमॅटो, चिंच, लिंबू, आमसूल, ताक यातलं काहीही या पायरीला घालायचं नाही. आंबटामुळे दाण्याची साल आवळून राहते. भाचीनं पुण्यात पहिल्यांदा केला तेव्हा चव यावी म्हणून दोन टोमॅटो कुकरमध्येच टाकले. "मावशी, दहा शिट्ट्या केल्या, तरी दाणे कडकच," म्हणून रात्री साडेनऊला फोन. मी तिला एवढंच विचारलं, "टोमॅटो कधी घातलास?"

कुकर मोठ्या आचेवर ठेवा. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा आणि घड्याळ लावून पंचवीस मिनिटं ठेवा. लाल राजम्याला तीस-पस्तीस. शिट्ट्या मोजत बसू नका. प्रत्येकाचा कुकर वेगळा, गॅसची धार वेगळी. घड्याळ सगळ्यांचं सारखं. नंतर गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढली की दाणे आतल्या आत फुटतात आणि साली वेगळ्या होऊन तरंगतात. शिवाय त्या दहा मिनिटांत फुकटात जे शिजायचं ते शिजतं.

झाकण उघडलं की चाचणी घ्या. एक दाणा वरचा, दोन मधले, दोन अगदी तळाचे काढा. एकेक दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबा. जोर लावावा लागता कामा नये. लोण्यासारखा पसरला पाहिजे, सालही त्याच्याबरोबर चिरडली पाहिजे, आणि मधे पांढरा, खडूसारखा ठिपका दिसता कामा नये. पाचांतला एक जरी कणीदार लागला तरी कुकर परत लावा, आणखी दहा मिनिटं. भातासोबत खायच्या राजम्याला थोडं उणं-अधिक चालतं. इथं दाणा जवळजवळ जास्त शिजलेलाच हवा.

पाण्याबद्दलही सांगायला हवं. सोलापुरात बऱ्याच घरी नळाला रोज पाणी येत नाही, आणि वापरायला बोअरचं पाणी असतं. बोअरचं पाणी जड. त्यातल्या क्षारांमुळे डाळ शिजत नाही हा अनुभव इथल्या प्रत्येक घराला आहे, राजम्याचं तर विचारूच नका. शिजवायला पिण्याचंच पाणी घ्या. तेही जड असेल तर उकळून गार करा, खाली पांढरा थर बसू द्या आणि वरचं निवळ वापरा. तेवढा वेळ नसेल तर खाण्याचा सोडा घाला, पण खरोखर चिमूटभर, चहाच्या चमच्याचा आठवा भाग. जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि ब जीवनसत्त्वही कमी होतं.

तिसरी पायरी: गाळून पाणी राखणं

राजमा चाळणीत ओता, पण खाली पातेलं ठेवून. ते दाटसर, तपकिरी पाणी म्हणजे या पदार्थाचा अर्धा जीव. त्यात दाण्याचं सत्त्व, कांदा-लसणाची चव, मीठ सगळं उतरलेलं असतं. नवशिके ते मोरीत ओततात आणि मग परतताना साधं पाणी घालतात, म्हणून त्यांचे बीन्स फिके होतात. कटाची आमटी करणाऱ्या घराला हे वेगळं सांगायची गरज नाही. तमालपत्र काढून टाका. कांद्याच्या मऊ फोडी राहू द्या.

पाव किलोचा शिजून सहाशे ग्रॅमच्या आसपास राजमा होतो आणि दीड कपभर पाणी उरतं.

चौथी पायरी: घोटत परतणं

कढई तापवा, तीन चमचे तेल घाला. तेलात हात आखडू नका. हा पदार्थ तेलावरच उभा आहे, आणि पाच-सहा जणांत वाटलं तर माणशी अर्धा चमचा होतो. तेल तापलं की जिरं, ते तडतडलं की हिंग, मग बारीक चिरलेला कांदा. कांदा मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं परता. नुसता गुलाबी नको, कडेनं चांगला तांबूस झाला पाहिजे, सगळी गोडी त्याच्यातून येते. मग ठेचलेला लसूण आणि अर्ध्या मिनिटानं लाल तिखट. तिखट घालताना आच बारीक, आणि लगेच पळीभर राखलेलं पाणी, म्हणजे तिखट जळणार नाही.

आता राजमा घालायचा, पण एकदम सगळा ओतू नका, तीन वेळा करून घाला. पहिला वाटा घाला, मॅशरनं दाबा, थोडं पाणी शिंपडा, पुन्हा दाबा. तो मोडला की दुसरा वाटा. असं केलं की प्रत्येक दाण्याला तेल लागतं. सगळा एकदम घातला तर खालचे दाणे लागतात आणि वरचे आख्खेच राहतात. तिसरा वाटा मुद्दाम अर्धवट मोडा, घासात मधूनच एखादा दाणा आला पाहिजे.

मग उरलेलं पाणी पळीपळीनं घालत मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं सतत ढवळत राहा. सुरुवातीला मिश्रण सैल असतं, बुडबुडे फुटून अंगावर उडतात, हात जपा. हळूहळू बुडबुडे मोठे आणि संथ होतात, पिठल्यासारखा फटफट आवाज यायला लागतो. रंग एक छटा गडद होतो. या वेळी पळी कढईच्या बुडावरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओढा. मागं कढईचं बूड दिसलं, दोन-तीन सेकंद वाट तशीच राहिली, आणि मग दोन्ही बाजूंनी मिश्रण सावकाश एकत्र आलं, की झालं. लगेच मिटलं तर अजून आटवा. मिटलंच नाही तर दोन चमचे पाणी घाला. गार झाल्यावर हे आणखी घट्ट होतं, म्हणून हवं त्यापेक्षा किंचित सैल असतानाच उतरवायचं.

मीठ आता चाखून घाला. भिजवताना आणि कुकरमध्ये मीठ पडलेलं आहे, त्यामुळे थोडंच लागेल. गॅस बंद केल्यावर लिंबू पिळा.

काळा मसाला घालू का, असं मला सगळेच विचारतात. पहिल्या वेळी नको. आपला सोलापुरी काळा मसाला इतका जोरकस आहे की त्याच्यापुढं चित्रा राजम्याची मंद, मातकट-गोडसर चव कळतच नाही. एकदा साधा करून चाखा, ती चव ओळखीची होऊ द्या. पुढच्या वेळी अर्धा चमचा घाला, तोही छान लागतो, फक्त मग तो आपला पदार्थ झाला.

काही चुकलंच तर

फार खारट झालं तर एक उकडलेला बटाटा कुस्करून घाला. खाली लागलं तर खरवडू नका. वरचं दुसऱ्या भांड्यात काढून घ्या, जळका वास वर चढायच्या आत. परतताना लक्षात आलं की दाणे अजून कच्चट आहेत, तर हट्टानं घोटत बसू नका. पाणी घालून सगळं परत कुकरमध्ये टाका, कांदा-मसाल्यासकट दहा-बारा मिनिटं ठेवा, आणि पुन्हा आटवा. चव थोडी बदलते, पदार्थ वाया जात नाही.

पहिल्यांदा खाणाऱ्यांनी वाटीभरच खा. रोज कडधान्य खायची सवय नसेल तर पोट फुगतं. आठवड्यातून एक-दोनदा खात राहिलं की सवय होते.

खर्चाचा हिशेब

मी शेवटचं सामान आणलं तेव्हाचा हिशेब असा. पाव किलो चित्रा पस्तीस रुपये. दोन कांदे सात-आठ रुपये, लसूण चार-पाच. तेल आठ. जिरं, तिखट, हिंग, लिंबू मिळून सहा. गॅस कुकर आणि कढई धरून पाच-सहा. सत्तरच्या आत सगळं बसलं, आणि तयार माल आठशे ग्रॅमच्या घरात निघाला. पाच माणसं पोटभर खातात. भाव आज-उद्या बदलतील, पण डब्याच्या मानानं हे कायमच पाव-पट राहील.

गॅस वाचवायचा असेल तर एकावेळी अर्धा किलो शिजवा. दुप्पट राजम्याला दुप्पट वेळ लागत नाही, तीच पंचवीस मिनिटं पुरतात. अर्धा आज परता, अर्धा नुसता शिजवलेला, त्याच्या पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवा.

कशाबरोबर खायचं

मेक्सिकोत हे मक्याच्या मऊ रोटीबरोबर नाहीतर तिच्याच तळलेल्या कडक तुकड्यांबरोबर खातात. त्या तळलेल्या तुकड्यांना उत्तर म्हणून सोलापूरकडे कडक भाकरी आहे. पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी, आणि एक थेंब तेल नसलेली. ज्वारीही इथलीच. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कडक भाकरी मोडून तळहाताएवढे तुकडे करा, प्रत्येकावर चमचाभर गरम बीन्स, त्यावर बारीक चिरलेला कांदा, थोडं घट्ट दही, चिमूटभर शेंगाचटणी. हंगाम असेल तर डाळिंबाचे दहा-बारा दाणे. लावल्या लावल्या खायचं, पाच मिनिटांत भाकरी मऊ पडते. चीज घालतात बाहेर. मला त्याची गरज वाटत नाही, हवंच असेल तर थोडं पनीर कुस्करा. मेक्सिकोतही यावर ताजं, भुसभुशीत चीजच कुस्करून घालतात.

मऊ भाकरीबरोबर खायचं असेल तर थोडं सैल ठेवा आणि वरून कच्चं तेल घाला. सोबत बुक्की मारून फोडलेला कांदा.

उरलं तर

उन्हाळ्यात तासाभराच्या आत, एरवी दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. कढईत रात्रभर झाकून ठेवू नका, राजमा फार लवकर विटतो. पसरट डब्यात भरलं तर लवकर गार होतं. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतं. वाटीवाटीचे गोळे करून बर्फाच्या कप्प्यात ठेवले तर दोन महिनेही जातात, मात्र वीज वारंवार जात असेल तिथं या भरवशावर राहू नका. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही.

परत गरम करताना कढईत चमचाभर तेल, त्यात गोळा, वर तीन-चार चमचे पाणी, आणि पळीनं मोडत मोडत वाफ येईपर्यंत परतायचं. सकाळच्या डब्यासाठी पोळीला आतून हे लावा, वर कांदा-कोथिंबीर, गुंडाळा आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी शेका. ब्रेडला लावून शेकलं तरी चालतं. आणि अगदीच दोन चमचे उरले असतील तर धपाट्याच्या पिठात मळून टाका. पीठ भिजवताना पाणी मात्र नेहमीपेक्षा कमी घ्या, नाहीतर धपाटं थापताना फडक्याला चिकटतं.